तिला धरून चौदा

हरीशराव निमोणकरांकडे जेवायला गेलं की ते पाणी विचारण्याआधी तुम्हाला बाहेर पडायचा रस्ता दाखवतात. म्हणजे ‘निघा आता’ असं नव्हे. आग लागली तर कुठल्या दाराने पळायचं, कुठला जिना धरायचा आणि खाली उतरल्यावर कुठल्या खजुराखाली जमायचं, हे ते आधी सांगून टाकतात. मग वरणभात. मी आणि माझा नवरा राजन कुवेतच्या अबू हलीफ्यात त्यांच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतो. इतक्या वर्षांत तो खजूर मला माझ्या सासूपेक्षा जास्त ओळखीचा झालाय. तरी दर गणपतीला आरतीच्या आधी तो मला पुन्हा दाखवला जातो.

हरीशराव सेफ्टी ऑफिसर आहेत. मीना अब्दुल्लाला, रिफायनरीच्या कुंपणाला लागून असलेल्या एका ठेकेदार कंपनीत. मूळचे नाशिकचे. कुवेतला आले तेव्हा डोक्यावर केस होते आणि हेल्मेट नव्हतं, आता उलट आहे. राजन त्याच कंपनीत टेक्निशियन, त्यामुळे हरीशरावांचं घरचं रूप मला दिसतं आणि कामावरचं रूप रोज संध्याकाळी चहाबरोबर ऐकायला मिळतं. दोन्हींत फरक एवढाच, की घरी ते शिट्टी वाजवत नाहीत.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हरीशरावांचं तोंड दुधाने कधी पोळलेलंच नाही. तरी ते ताक फुंकतात, पाणी फुंकतात आणि तुमच्या हातातला पेलाही फुंकून देतात.

त्यांच्या कंपनीत अपघाताशिवाय अमुक लाख तास काम झालं की सगळ्यांना बक्षीस मिळतं. थर्मास, टोपी, भिंतीवरचं घड्याळ. एकदा छत्र्या मिळाल्या, कुवेतात. निमोणकरांच्या हॉलमध्ये तीन भिंतींवर घड्याळं आहेत आणि तिन्हींत वेगळी वेळ असते. पण ही घड्याळं नुसती काळजी घेऊन मिळत नाहीत, त्याला थोडी कलाही लागते. कुणाचं बोट चेमटलं तर पट्टी बांधून त्याला दुसऱ्या दिवशी ऑफिसात खुर्चीवर बसवायचं. म्हणजे तो कामावर हजर धरला जातो, आणि माणूस हजर असला की अपघात झालेलाच नसतो. एक बिहारी वेल्डर शिडीवरून पडला, तर तो ‘घाईने उतरला’ असं ठरलं, आणि घाईने उतरल्याबद्दल त्यालाच समज दिली गेली. राजन हे सांगताना हसत होता. मी हाडांच्या ओपीडीत नर्स आहे. त्या वेल्डरचा घोटा मी पाहिला होता, म्हणून मला हसू आलं नाही.

आता विजयाताई. हरीशरावांची बायको. सांगलीची बाई, उंचीपुरी, आवाज खणखणीत. लहानपणी कृष्णेच्या पुरात घाटावरून उड्या मारणारी. माहेरी तिला ‘मासोळी’ म्हणायचे. लग्न होऊन कुवेतला आली आणि समुद्राच्या काठावर राहायला लागली. म्हणजे मासोळी खारवायला चांगलीच सोय झाली. कारण समुद्र घरातून दिसतो, पण त्यात उतरायचं नाही. फाहीलच्या किनाऱ्यावर आम्ही जायचो तेव्हा ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहायची आणि मागून आवाज यायचा, “विजया, बास. तिथपर्यंतच.” आणि ती तिथपर्यंतच. असं वर्षानुवर्षं. त्यांची मुलगी क्षितिजा याच किनाऱ्यावर वाढली, शाळेच्या तलावात पोहायला शिकली, आणि आपल्या आईला पोहता येतं हे तिला बारावीत जाईपर्यंत माहीत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात विजयाताईचे गुडघे गेले. मीच तिला आमच्या ओपीडीत नेलं. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं, “पाण्यात व्यायाम करा. रोज. पाण्यात वजन पडत नाही. केलात तर ऑपरेशन टळेल, नाही केलात तर वर्षभरात मीच कापीन.” विजयाताईचा चेहरा असा उजळला की डॉक्टरांना वाटलं असेल बाईला मराठी समजत नसावं. (डॉक्टर पुण्याचे होते, तरी समजत होतं.)

तिने घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. हरीशरावांनी जवळच्या क्लबचा पोहण्याचा तलाव पाहून यायचं ठरवलं. पाहून आले आणि म्हणाले, लाद्या निसरड्या आहेत. दुसऱ्या तलावाचा जीवरक्षक मोबाइल बघत होता. तिसऱ्यात क्लोरीनचा वास जास्त. समुद्राचं तर नावच नको. मग ऑपरेशन? तर भूल देताना काय काय होऊ शकतं याची त्यांच्याकडे माहिती होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टचंही तसंच. लिफ्ट मध्येच अडकते म्हणून विजयाताईने एकटीने लिफ्टने जायचं नाही, आणि गुडघे दुखतात म्हणून जिन्यानेही जायचं नाही. म्हणजे काय करायचं? घरात बसायचं. घरात ती सुरक्षित होती, तीन घड्याळांच्या मध्ये.

“चारू,” ती मला एकदा म्हणाली, “ह्यांच्या हातात असतं तर ह्यांनी मला काचंच्या कपाटात ठेवली असती. आणि कपाटाला कुलूप नको म्हणाले असते, आग लागली तर?”

तर अशी ही माणसं, आणि अशात आमच्या मराठी मंडळाने डोंगरात तंबू ठोकायला जायचं ठरवलं.

तंबूची आम्हाला सवय होती. दर हिवाळ्यात आम्ही वाळवंटात जातोच. पण तो कुवेती तंबू. आत गालिचे, जनरेटर, टीव्ही, बाजूला स्वयंपाकाचा वेगळा तंबू, आणि रात्री थंडी वाजली तर गाडीत बसून हीटर लावायचा. त्यातही हरीशरावांनी वाळूत ‘वेगमर्यादा दहा’ अशी पाटी रोवली होती, जिथे रस्ताच नव्हता. या वेळी नीरज आणि सुरुची या नव्या जोडप्याने टूम काढली, की बकरी ईदच्या सुट्टीत खरंखुरं कॅम्पिंग करू. जॉर्जियात, डोंगरावर, सहा हजार फुटांवरच्या पाइनच्या जंगलात. विमानाने चार तासांच्या आत. कुवेतात पारा अठ्ठेचाळीसवर होता, त्यामुळे ‘सहा हजार फूट’ हे तीन शब्द ऐकूनच निम्म्या लोकांनी हात वर केले.

विजयाताईने मला बाजूला घेऊन एकच विचारलं, “तिथं पाणी असतंय का गं?”

हरीशराव येणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण माणसं धोक्याच्या जागी जाणार आणि आपण नाही, हे त्यांना सोसवेना. महिनाभर तयारी चालली. विजयाताईचा जुना केशरी परकर उसवून त्याची वाऱ्याची नळी शिवून घेतली, रिफायनरीत खांबावर असते तशी, वारा कुठून वाहतोय ते दाखवणारी. शिवली अर्थात विजयाताईनेच. कंपनीतला गॅस ओळखायचा यंत्र-डबा गेटबाहेर काढता येत नाही म्हणून हळहळले. आणि विमानतळावर त्यांच्या बॅगेतून आग विझवायचं नळकांडं निघालं. विमानात ते नेता येत नाही हे सेफ्टी ऑफिसरला ठाऊक नव्हतं असं नाही, त्यांना ते पटत नव्हतं. त्यांनी त्या अधिकाऱ्याला नळकांड्याचे फायदे समजावून सांगितले. नळकांडं कुवेतातच राहिलं.

आम्ही चौदाजण संध्याकाळी त्या जंगलात पोचलो. काय सांगू, उंचच उंच झाडं, त्यांच्यामध्ये मोकळी गवताळ जागा, खाली दरीत धुकं, आणि हवेला असा करकरीत गारवा की राजनने दोनदा आभाळाकडे पाहून हात जोडले. जमिनीवर पाइनच्या वाळक्या सुयांचा गादीसारखा थर. आम्ही त्यावर लोळायच्या बेतात होतो, तेवढ्यात हरीशराव म्हणाले, “हे सगळं ज्वालाग्राही आहे.”

आणि आम्ही जंगल झाडलं.

खरंच झाडलं. फांद्यांचे खराटे करून, प्रत्येक तंबूभोवती दहा-दहा हात. नीरज आयटीतला मुलगा, त्याने आयुष्यात पहिल्यांदा केर काढला तो सहा हजार फुटांवर. आम्ही झाडून पुढे सरकलो की वरून वारा यायचा आणि झाडं पुन्हा सुया टाकायची. आमचा गाडीवाला, एक जाडजूड हसरा जॉर्जियन, बॉनेटवर बसून हा तमाशा बघत होता. त्याने फोनवर आमचा व्हिडिओ काढला. आज त्या देशात आमची काय कीर्ती आहे देव जाणे.

केर काढून झाल्यावर विजयाताई गुडघे धरून खाली बसली. ते गाडीवाल्याने पाहिलं. त्याने स्वतःचे गुडघे चोळले, दरीकडे बोट दाखवलं, दोन्ही हातांनी वाफ आल्यासारखं केलं आणि ‘बाबुश्का, बाबुश्का’ म्हणत म्हाताऱ्या बायकांचा अभिनय केला. मला आणि तिला एकदम कळलं. खाली गरम पाण्याचं कुंड होतं, आणि गावच्या आज्या तिथे गुडघे शेकायला येत होत्या. विजयाताईने माझ्याकडे बघितलं. आणि माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

रात्री कुणाला झोप लागेना. गोंगाट नव्हता म्हणून. कुवेतात आमची सगळी झोप एसीच्या घरघरीवर होते, तिथे तर पान पडलं तरी ऐकू येत होतं. शेवटी राजनने मोबाइलवर एसीचा आवाज शोधून लावला, तर शेजारच्या तंबूंतून ‘जरा मोठा करा’ अशा फर्माइशी आल्या. निसर्गाच्या कुशीत आम्ही असे सुखाने झोपलो.

सकाळी ऊन पडलं, पोहे शिजायला लागले, आणि हरीशरावांनी सगळ्यांना गोल उभं केलं. कामाआधी पाच मिनिटं सूचना देण्याची रिफायनरीत पद्धत आहे. विषय होता अस्वल. अस्वल दिसलं तर पळायचं नाही, आणि जमायची जागा म्हणजे वरच्या चढावरचं ते लाल फडकं बांधलेलं झाड. क्षितिजा कानात वायर घालून ढगाकडे बघत होती. तेवढ्यात विजयाताई टॉवेल खांद्यावर टाकून नवऱ्याच्या शेजारी आली.

“अहो, मी जरा खाली जाऊन येते.”

“हं,” हरीशराव म्हणाले. त्यांचं लक्ष अस्वलात होतं.

ती मला डोळ्यांनी खुणावून गेली. उतारावरून काठी टेकत, पण अशा लगबगीने, की तिचे गुडघे दुखतात हे मी नर्स असून क्षणभर विसरले.

पोहे वाढून होईपर्यंत ऊन चांगलं वर आलं आणि वारा फिरला. रात्रभर डोंगरावरून खाली वाहत होता, तो आता दरीतून वर येऊ लागला. केशरी परकराची नळी सळसळून उलटी झाली. आणि वास आला. सडक्या अंड्यांचा.

मी पहिल्यांदा नीरजच्या अंड्यांच्या खोक्याकडे बघितलं. पण माझ्याशिवाय कुणीच अंड्यांकडे बघितलं नाही. आमच्यातले निम्मे पुरुष रिफायनरीवाले. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे त्यांच्यासाठी एकच गोष्ट. विषारी गॅस, माणूस दोन श्वासांत आडवा होतो तो. राजनच्या हातातली ताटली पडली. बाकीच्यांनी एकाच वेळी मान वर करून त्या परकराकडे पाहिलं. इतक्या भक्तिभावाने ते कधी झेंड्याकडेही बघत नाहीत.

“गॅस!” हरीशराव ओरडले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती असं म्हणवत नाही. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो पाहुणा दारात आल्यासारखा तो चेहरा होता. “सगळं सोडा! वाऱ्याच्या उलट दिशेने चला!”

वाऱ्याच्या उलट म्हणजे खाली, दरीकडे. सगळे खाली वळले.

“खाली नाही! गॅस जड असतो, खाली साठतो! वर चला!”

सगळे वर वळले. पण वर जायचं म्हणजे वाऱ्याबरोबर, गॅसला सोबत घेऊनच. हरीशराव क्षणभर थांबले. वर गेलं तर वारा, खाली गेलं तर गॅस. लिफ्ट आणि जिना. मग त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले.

“आडवे चला! आधी आडवे, मग वर!”

आम्ही आडवे गेलो. आडव्या वाटेवर काटेरी झुडपं होती. सुरुचीचा नवा ट्रॅकसूट तिथे राहिला तो राहिलाच. मागे गाडीवाला बॉनेटवर बसून सिगरेट पेटवत होता. हरीशराव उलटे धावले, त्याच्या तोंडातली सिगरेट ओढून काढली आणि बुटाखाली चिरडली. त्याने दुसरी काढली. तीही चिरडली. गाढवापुढे वाचली गीता. मग त्याने पूर्ण पाकीटच पुढे केलं, त्याला वाटलं या माणसाला सिगरेटी हव्यात.

आडवं पन्नासएक पावलं गेल्यावर वास गेला. मी सुटकेचा श्वास टाकला.

“वास गेला?” हरीशराव पांढरे पडले. “म्हणजे नाक मेलं! गॅस वाढला की नाकाला वास येणं बंद होतं. पळा!”

हे खरंच असतं असं राजन नंतर म्हणाला. म्हणजे वास आला तर धोका, आणि नाही आला तर जास्त धोका. असा धंदा बुडणं शक्यच नाही.

धापा टाकत सगळे त्या लाल फडक्याच्या झाडाखाली पोचलो. कुणाच्या पायात एक चप्पल, कुणाच्या हातात पोह्यांचा चमचा. हरीशराव एका दगडावर चढले. ऊर भरून आला होता त्यांचा. आयुष्यात शेकडो वेळा त्यांनी खोटी खोटी पळापळ करून घेतली होती, आज खरी झाली होती आणि कुणालाही ओरखड्यापलीकडे काही झालं नव्हतं. बोट दाखवत दाखवत त्यांनी माणसं मोजली.

“चौदा,” ते म्हणाले. “सगळे सुखरूप.”

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी क्षितिजाने कानातल्या वायरी काढल्या. तिने एकदा सगळ्यांकडे नीट पाहिलं.

“बाबा, व्हेअर इज आई?”

“आहे ना. मागे असेल.” त्यांनी मागे वळून पाहिलंही नाही आधी. मग पाहिलं. मागे झाड होतं.

“यू सेड फोर्टीन.”

“हो. तिला धरून चौदा.”

इतक्या वर्षांत तिला निराळी मोजायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती. ती असायचीच, डबा असतो तशी, पाकीट असतं तशी.

“हरीशराव,” मी म्हणाले, “ती खाली गेलीय. कुंडावर. तुम्हाला सांगून गेलीय, तुम्ही हं म्हणालात.”

“खाली?” हा शब्द राजननेच उच्चारला, आणि त्याच्या आवाजात हसू नव्हतं. तोवर मला सगळी गंमत वाटत होती. गॅस जड असतो, खाली साठतो, हे मघाशीच ओरडून झालं होतं. मी ते ऐकलं होतं, फक्त त्याचा विजयाताईशी संबंध लावला नव्हता.

क्षितिजा पळत सुटली. तिच्या मागे हरीशराव, त्यांच्या मागे मी आणि राजन. वाऱ्याची दिशा, आडवं-उभं, कुणाला काही आठवलं नाही. जसजसे उतरलो तसा वास परत आला, इतका की डोळे चुरचुरले. झाडी संपली आणि खडकांमध्ये ते कुंड दिसलं. दुधासारखं निळसर पाणी, वर वाफ. आणि त्यात विजयाताई उताणी. हात पसरलेले, डोळे मिटलेले, केस मोकळे होऊन पाण्यावर पसरलेले. हलत नव्हती.

“विजया!” हरीशराव ओरडले. ती हलली नाही. “विजया!”

आणि मग जे झालं ते मी विसरणार नाही. क्षितिजा पुढे झेपावली, आणि हरीशरावांनी तिचा दंड पकडला. दुसरा हात आमच्यासमोर आडवा धरला.

“कुणी पुढे जायचं नाही!” त्यांचा आवाज चिरकला होता. “मास्कशिवाय कुणी नाही! पडलेल्याला काढायला जातो तोच मरतो!”

नियमाप्रमाणे बरोबर होतं त्यांचं. राजनही म्हणतो बरोबर होतं. गॅसमध्ये पहिला माणूस गॅसने मरतो आणि पुढचे तीन त्याला वाचवायला जाऊन मरतात, हे त्यांनी हजारो कामगारांना शिकवलं होतं. आणि शिकवल्याप्रमाणे ते उभे राहिले. समोर बायको पाण्यावर पडलेली, आणि माणूस काठावर हात आडवा करून उभा. मला संताप आला, अजून येतो. बरोबर असणाऱ्या माणसाचा जितका येतो तितका चुकलेल्याचा येत नाही.

क्षितिजाने हात हिसडला आणि सरळ पाण्यात उडी मारली.

पाणी विजयाताईच्या तोंडावर उडालं. तिने डोळे उघडले, कानांतलं पाणी झटकलं आणि कंबरेइतक्या पाण्यात उभी राहिली.

“अगं ए, कपड्यांनिशी कशाला आलीस? आणि चारू, तुम्ही सगळे इकडं कसे? पोहे झाले होय?”

तेव्हा मला खडकाआड गळ्यापर्यंत बुडालेल्या दोन जाड्या आज्या दिसल्या. त्यांनी आमच्याकडे बघून हात हलवले. पाणी गंधकाचं होतं, वास त्याचाच. त्या दोघी लहानपणापासून तो हुंगत आल्या असाव्यात, आणि दोघींच्या गालांवर टोमॅटोसारखी लाली होती.

क्षितिजा आईच्या गळ्यात पडून रडत होती, आणि रडता रडता मराठी-इंग्रजीची खिचडी करून सगळं सांगत होती. गॅस, पळापळ, झाड. “अँड ही काउंटेड यू, आई! तू नव्हतीस, तरी म्हणाले चौदा! आणि आता मला सोडतच नव्हते!”

विजयाताईने नवऱ्याकडे पाहिलं. हरीशरावांचा आडवा हात अजून तसाच होता, खाली घ्यायचं राहून गेलं होतं.

“न बघताच मोजलंत मला?” ती म्हणाली.

आणि तेव्हा तिची नजर खाली गेली, म्हणून माझीही गेली. हरीशरावांच्या एका पायात बूट नव्हता. मोजाही नव्हता. तो उजवा बूट, तीन-तीन गाठी मारून बांधलेला सेफ्टी शूज, त्यांनी कधी काढला होता ते आम्हा कुणाला कळलं नव्हतं. डावा पायात घट्ट होता. एक पाय पाण्यात शिरायला निघालेला आणि एक नियमात अडकलेला.

विजयाताईने तेही पाहिलं. पण तिने लगेच विरघळून जावं इतकी ती स्वस्त बाई नाही.

“बूट घाला,” ती म्हणाली. “दगड टोचतील. आणि वर जावा सगळे. मला अजून तासभर तरी लागंल.”

पुढचे तीन दिवस ती रोज सकाळी कुंडावर गेली. जाताना नवऱ्याला सांगितलं नाही. एकदा सांगितलं होतं, तेवढं पुरे होतं. परतताना विमानतळावर हरीशरावांनी पुन्हा माणसं मोजली. सवय जाते कुठे? पण या वेळी सुरुवात विजयाताईपासून केली, तिच्या खांद्याला हात लावून. तिने खांदा आक्रसला नाही आणि हसलीही नाही. मोजू दिलं, एवढंच.

कुवेतला आल्यावर पहिल्याच शुक्रवारी पहाटे आमची बेल वाजली. दारात विजयाताई. अंगभर पोहण्याचा काळा पोशाख, वर अबाया, हातात टॉवेल. “चल, फाहीलला.” मागे हरीशराव गाडीची किल्ली घेऊन उभे. गळ्यात शिट्टी, खांद्यावर जहाजावर असतं तसलं केशरी कडं. ‘बास, तिथपर्यंतच’ म्हणायला ते तोंड उघडणार, असं मला वाटलं. ते फक्त म्हणाले, “लिफ्टने जाऊ या. मी आहे बरोबर.”

तेव्हापासून दर शुक्रवारी हेच चालतं. गुडघे सुधारलेत, डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय काढणं सोडलंय. तिकडे मीना अब्दुल्लाला घड्याळं येतच आहेत. परवा चौथं आलं, त्याला चौथी भिंत मिळाली. माणसं तिथे अजून ‘घाईने उतरतात’. जग काय एका कुंडाने बदलत नसतं.

पण शुक्रवारी हरीशराव दोन्ही बूट काढून, पॅन्ट दुमडून, घोट्याएवढ्या पाण्यात उभे असतात. जिथे ती इतकी वर्षं उभी असायची, तिथेच. मोजायला माणूस एकच असतो. तिचं डोकं लाटेवर दिसलं की ते मोठ्याने म्हणतात, “एक!” पुन्हा दिसलं की पुन्हा, “एक!” किनाऱ्यावर फिरायला येणारे लोक बघतात, इजिप्तच्या बायका हसतात. त्यांना पर्वा नसते. नजर मात्र तिच्यावरून ढळत नाही.

विजयाताईला हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून मध्येच ती मुद्दाम खोल बुडी मारते आणि तिला हवा तितका वेळ वर येत नाही. कृष्णेच्या पुरात शिकलेला दम आहे तो, सरता सरत नाही. आणि तोवर हरीशराव ‘एक’ म्हणायला तोंड उघडून तसेच उभे राहतात.